नाशिकच्या शरणपूर रोडजवळचं प्रार्थना शिबिर, माझा अनुभव

तीन संध्याकाळी, ६ ते ८, फी काही नाही, शेवटी चहा. विषय होता प्रार्थनेला उत्तर का मिळत नाही. पार्किंगला जागा नाही, सिटीलिंक बसने गेलेलं बरं. मुलाच्या नोकरीसाठी दोन वर्षं मागतेय, सातपूर अंबडच्या कारखान्यांत अर्ज करून करून तो थकला म्हणून मी आणि हे दोघंही गेलो.

पहिल्या दिवशी बायबलमधलं याकोब ४:३, चैनीसाठी मागता म्हणून मिळत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलंच. दुसऱ्या दिवशी मात्र चर्चच्या पाळकसाहेबांनी १ पेत्र ३:७ काढलं, बायकोला मान दिला नाही तर नवऱ्याच्या प्रार्थना अडतात, आणि ते पुरुषांनाच मोठ्याने वाचायला लावलं. आमचे हे मधेच थांबले, चष्मा काढून पुसला आणि मग पुढचं वाचलं. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाले, तू बस, भांडी मी घासतो.

मग मार्क ११:२५, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाबद्दल मनात काही असेल तर आधी क्षमा करा. माझ्यासमोर लगेच जाऊबाई उभ्या. सासूबाईंच्या पाटल्यांवरून चार वर्षं बोलणं बंद आहे आमचं. बाहेर चपला घालायच्या आधीच फोन लावला, त्या जरा वेळ गप्पच, मग म्हणाल्या, "जेवलीस का गं?" मला रडूच फुटलं.

एक स्टार कापतेय तो तिसऱ्या दिवसासाठी. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी आजारी लेकराच्या आईला सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतोय. असं कसं बोलवतं? बायबलमधल्या प्रेषित पौलाने देहातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर आलं, मग त्याचाही विश्वास कमी होता का? आणि दानीएलचं मागणं तर पहिल्याच दिवशी ऐकलं गेलं होतं, उत्तर घेऊन येणाऱ्या देवदूतालाच वाटेत २१ दिवस अडवलं होतं. माणसाच्या पापाने अडतं हे खरं, यशया ५९ तेच सांगतं, पण प्रत्येक उशीर म्हणजे पाप नाही. चहाच्या वेळी मी हे पाळकसाहेबांना बोलले, ते कप ठेवून तडक त्या बाईंकडे गेले आणि हात जोडून माफी मागितली त्यांनी.

५ पैकी ४. मुलाची नोकरी अजून लागलेली नाही, प्रार्थना चालू आहे. रविवारी उपासनेनंतर जाऊबाई जेवायला येताहेत, पाटल्यांचा विषय मी काढणार नाही.