सेल्फचा खरा आजार सापडला

माझी 2009 ची डिझेल एसयूव्ही सकाळी नुसतं 'टक' करायची, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) फिरायचाच नाही. एकानं तर नवी बॅटरी गळ्यात मारली होती. जुन्या पुणे नाक्याजवळच्या या वायरिंगवाल्या काकांनी आधी मीटर लावला. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मग मला चावी मारायला लावून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात मोजलं, तर साडेतीन व्होल्ट! "अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे हो," म्हणाले. मग या दोघांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडवली. नटाखाली हिरवट गंज, तारा बोटात भुगा होऊन आल्या. नवी पट्टी टाकली, पॉलिश पेपरनं जागा चकचकीत घासली, वर ग्रीस. एका चावीत चालू! घेतले 350 रुपये. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही तपासला, 14.2 व्होल्ट, त्याचे पैसे नाहीत. सकाळी दहाच्या आत जा, नंतर रांग लागते.