तरुण कलाकारांसाठीची ग्रँट घ्यावी का? दहा महिने काम करून झाल्यावर लिहितेय

गेल्या वर्षी मुंबईच्या एका फाउंडेशनची तरुण कलाकारांसाठीची ग्रँट मला मिळाली होती. १० महिन्यांसाठी १,८०,००० रुपये, अट एवढीच की कलाकार १८ ते २८ वयातला पाहिजे आणि प्रोजेक्ट आपल्याच वयाच्या, आपल्याच भागातल्या मुलामुलींबरोबर करायचा. तेव्हापासून ओळखीतले दहाबारा जण तरी विचारून गेलेत की घ्यावी का, पैसे खरंच येतात का, त्रास किती होतो. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. फाउंडेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या ह्या एकाच ठिकाणच्या नाहीयेत, दुसरीकडून ग्रँट घेतलेले मित्रही हेच सांगतात आणि तिथली जी मुलगी आमचे फोन उचलायची ती मनापासून काम करणारी होती, तिला ह्याचा त्रास व्हायला नको.

मी इचलकरंजीची. एटीडी म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा केलाय, नंतर जी डी आर्ट, म्हणजे चित्रकलेचा सरकारी डिप्लोमा. आमच्या गावाला सगळे महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून हे गाव खटखट करतंय ते थांबलेलंच नाही. माझ्या वयाच्या निम्म्या मुली दहावी-बारावीनंतर कांडीवर जातात. कांडी म्हणजे मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी, ती भरायचं काम. पोरं मागावर किंवा सायझिंगला, म्हणजे सुताला खळ द्यायला, किंवा वहिफणीला, म्हणजे उभे धागे मागाच्या वही-फणीतून ओवायला. चित्रं काढणारी पोरं इथे नाहीत असं अजिबात नाही, पण चित्रकलेच्या परीक्षा झाल्या की पुढे काय ह्याचं उत्तर घरात कुणाकडे नसतं.

प्रोजेक्ट असा होता. मागाच्या शेडमध्ये आवाज एवढा असतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे खाणाखुणांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. कानाची पाळी धरली की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलव. मुठीवर मूठ फिरवली की कांडी संपली. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आले. हे कुठेच लिहिलेलं नाही, प्रत्येक शेडचं थोडं वेगळं असतं आणि आमच्या आई-बापांना ते झोपेतही येतं. ह्या खुणा गोळा करायच्या, लिनोवर, म्हणजे ठसे कोरायच्या मऊ शीटवर, कोरायच्या आणि इथल्याच ग्रे, म्हणजे न धुतलेल्या न रंगवलेल्या, कापडावर छापून कापडाचं पुस्तक करायचं, नऊ मुलींनी मिळून.

अर्ज करणं सोपं होतं, हे मी मोकळेपणाने सांगते. फॉर्म इंग्रजीत होता पण तीन मिनिटांचा व्हिडिओ मराठीत चालेल असं लिहिलेलं. मी शेडच्या दारात उभं राहून, मागे माग चालू ठेवून तो केला, अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं म्हणून उरलेलं खुणांनी सांगितलं. निवड समितीने फोनवर पाऊण तास प्रश्न विचारले आणि एकही प्रश्न असा नव्हता की ह्याचा इम्पॅक्ट किती लोकांवर होणार. मुली कोण आहेत, त्या कधी मोकळ्या असतात, घरचे सोडतील का, हेच विचारलं. ह्यासाठी त्यांना पूर्ण मार्क.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

पहिल्या मीटिंगला एका मुलीने सरळ विचारलं, "ताई, सुट्टीदिवशी कांडीवर जादा काम केलं तर तीनशे मिळत्यात, हितं काय मिळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बजेटमध्ये साहित्य होतं, चहा-नाश्ता होता, माझं मानधन होतं, मेंटॉरचं मानधन होतं, त्या मुलींसाठी एक रुपया नव्हता. मी फाउंडेशनला विचारलं तर उत्तर आलं की लाभार्थ्यांना पैसे देता येत नाहीत. मला त्या शब्दाचा खूप राग आला, अजूनही येतो. खुणा त्यांच्या, हात त्यांचे, कोरणार त्या, छापणार त्या आणि त्या लाभार्थी? लाभ तर मला होत होता, सर्टिफिकेटवर नाव माझं येणार होतं. तीन आठवडे ईमेल चालले, शेवटी मी लिहिलं की ह्या सहकलाकार आहेत आणि सहकलाकाराला मानधन देता येतं की नाही ते सांगा. मग मान्य झालं. एका बैठकीचे २५० रुपये, नऊ जणी, २४ बैठका, एकूण ५४,००० रुपये. ग्रँटचा बरोबर ३० टक्के भाग. साहित्याचे पैसे कमी केले, लिनोचे मोठे शीट न घेता छोटे तुकडे घेतले, प्रेस भाड्याने घेणार होतो ते रद्द केलं आणि स्टीलच्या चमच्याची पाठ घासून प्रिंट काढले. छान येतात, कापडावर तर जास्तच छान येतात.

त्या दिवसानंतर गळती थांबली. २४ पैकी एकाही बैठकीला सातपेक्षा कमी मुली नव्हत्या. अडीचशे रुपये तीनशेपेक्षा कमीच आहेत, तरी आल्या, कारण घरी सांगता येत होतं की कामाला चालले. "चित्र काढायला चालले" म्हटलं की घरात जे होतं ते "कामाला चालले" म्हटल्यावर होत नाही. ज्यांच्या हातात अशी ग्रँट देणं आहे त्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे की बजेटच्या नमुन्यातच ही ओळ छापून ठेवा, आमच्यासारख्यांना भांडून मागायला लावू नका, कारण सगळ्यांना भांडता येत नाही.

एक सांगते, मग पैशांच्या त्रासाकडे येते. आमच्यात एक मुलगी आहे, चार वर्षं कांडीवर काम करते. तिने कधी पेन्सिलने नीट चित्र काढलेलं नव्हतं, कागद समोर आला की हात आखडायचा. लिनो हातात दिल्यावर तिने भरलेली कांडी कोरली, त्यावरच्या सुताच्या रेषा एकसारख्या, एकमेकींना खेटून, न बघता, गप्पा मारत मारत, आणि एकदाही हत्यार घसरलं नाही. मी जी डी आर्ट केलंय, माझ्याकडून तशी रेष येत नाही. तिने पहिला प्रिंट उचलला आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यात सूत ढिलं आलंय बघ हितं." मग तो ब्लॉक बाजूला ठेवून दुसरा कोरायला घेतला. पुस्तकात तो दुसरा आहे.

तर पैसे. हप्ते ४०-४०-२० टक्के. पहिला हप्ता ७२,००० चा, खात्यात आले ६४,८००. मला वाटलं काहीतरी चूक झाली. चूक नव्हती, १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतात तो आयकर, कापला होता कारण ग्रँट वैयक्तिक नावावर असेल तर ते व्यावसायिक फी धरतात. रिटर्न भरल्यावर परत मिळाला, पण प्रोजेक्ट संपल्यावर. म्हणजे १,८०,००० च्या बजेटवर काम करायचं आणि हातात येणार १,६२,०००, हे करारात बारीक अक्षरात होतं, तोंडी कुणी सांगितलं नाही. अर्ज करताना हा हिशेब आधी धरा.

दुसऱ्या हप्त्याला ११ आठवडे उशीर झाला. मार्चमध्ये यायला हवा होता. नंतर कळलं की फाउंडेशनचे पैसे कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या पैशातून, येतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, त्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृती पण आहे, चांगलंच आहे. पण कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, नवीन वर्षाचा बोर्डाचा ठराव, नवीन करार, नवीन कागद आणि तोपर्यंत आमच्या खोलीचं महिन्याचं १,५०० भाडं आणि मुलींचे बैठकीचे पैसे थांबत नाहीत. मुलींचे पैसे मी एकदाही थकवले नाहीत. आईच्या बचत गटातून २०,००० उचलले, महिन्याला दोन टक्क्यांनी. नंतर हिशेबात ते व्याज लावलं तर मान्य नाही म्हणून परत आलं. शेवटी सीएकडून विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाले असा दाखला, आणा म्हणाले, त्याची फी ४,०००, ती पण बजेटमध्ये नव्हती. शेवटचा हप्ता त्या प्रमाणपत्रानंतरच.

पावत्यांचं पण बघा. रद्दीवाल्याकडून घेतलेला कागद, चहाच्या टपरीवरचा चहा, ह्याची जीएसटी बिलं कुठून आणायची. आम्ही वहीत तारीख, रक्कम, सही असं व्हाउचर लिहायला लागलो, ५,००० च्या वरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लावला आणि ते चाललं. पहिल्या दिवसापासून केलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

बाकी पर्याय काय आहेत असं पण विचारतात. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयासाठी, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. ती चांगली आहे पण ती स्वतः पुढचं शिकायला आहे, गुरूकडे, मैत्रिणींना घेऊन काही करायला नाही. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून अनुदान देतेय आणि तिथे प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत लिहिता येतो, म्हणजे मराठीत सुद्धा, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे. कारण माझ्या बरोबरच्या किती पोरी फक्त इंग्रजी फॉर्म बघून मागे फिरल्या ते मी बघितलंय. पण ती खास तरुणांसाठीची योजना नाही, तिथे विषयाचा अभ्यास आणि मांडणी पक्की लागते, पहिल्याच प्रोजेक्टला तिकडे जा असं मी म्हणणार नाही. आणि पैशाशिवाय काय उभं राहतं हे बघायचं असेल तर ठाण्याचा वंचितांचा रंगमंच बघा, रत्नाकर मतकरींनी सुरू केलेला, वस्तीतली पोरं स्वतःच्या गोष्टीची स्वतःच नाटकं करतात.

आमच्याकडे राजाश्रय हा शब्द अजून लोकांच्या तोंडात आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात गवय्यांना, चित्रकारांना सांभाळलं, आमच्या इचलकरंजीच्या जहागिरीत गवई बाळकृष्णबुवा होते, गावाचं नाव त्यांनी आडनावासारखं मिरवलं. त्या आश्रयाचा मला अभिमान आहे. पण तो एका मोठ्या कलाकाराला मिळायचा आणि बाकीचे समोर बसून ऐकायचे. ह्या ग्रँटमध्ये समोर बसलेल्यांच्या हातात हत्यार येतं, म्हणून एवढा त्रास होऊन सुद्धा ही योजना बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं.

शेवटी ३२ खुणांचं पुस्तक झालं, ४० प्रती. प्रदर्शन आम्ही गॅलरीत न करता एका बंद पडलेल्या शेडमध्ये केलं, मागांच्या भीमला, म्हणजे उभं सूत गुंडाळायच्या मोठ्या रुळाला, दोऱ्या बांधून कापडं लटकवली. पहिल्या दिवशी एक म्हातारे वहिफणी कामगार आले, त्यांना ऐकू कमी येतं, त्यांनी प्रत्येक चित्रासमोर उभं राहून ती खूण हाताने करून बघितली आणि दोन ठिकाणी चुकलंय म्हणून करून दाखवलं. त्या दोन खुणा परत कोरल्या.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा टीडीएस न सांगितल्याबद्दल कापला, एक उशिराबद्दल. निवड आणि वागणूक ह्याला पाचपैकी पाच. अर्ज करणार असाल तर हातात किमान तीन महिन्यांचा खर्च असल्याशिवाय कामाची तारीख जाहीर करू नका आणि सीएची फी, टीडीएस आणि सहकलाकारांचं मानधन ह्या तीन ओळी बजेटमध्ये स्वतःहून घाला, कुणी घालून देणार नाही.

यंदा आमच्यातल्या त्या कांडीवाल्या मुलीने स्वतः अर्ज करायचं ठरवलंय, मुलींच्या डबे भरायच्या गाण्यांचं काहीतरी आहे डोक्यात, मला पूर्ण सांगत नाही. अडलंय ते वेगळ्याच गोष्टीला, तिच्याकडे पॅन कार्ड नाही आणि बँकेचं खातं वडिलांबरोबर जॉइंट आहे, फाउंडेशनला स्वतःच्या एकटीच्या नावाचं लागतं. मंगळवारी तिची दुपारची पाळी आहे, सकाळी आम्ही दोघी बँकेत जाणार आहोत.