दापोलीजवळच्या आमच्या गावातील समाजमंदिर: भर पावसातला अनुभव

पटसंख्या घटल्यामुळे आमच्या गावची जुनी प्राथमिक शाळा बंद पडली आणि काही वर्षे ती इमारत ओसच होती. ग्रामस्थांनी वर्गणी काढून ती दुरुस्त केली आणि समाजमंदिर म्हणून वापरात आणली. वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी आम्ही ती जुलैमध्ये दोन दिवस घेतली. कोकणातल्या वास्तूची पारख पावसातच होते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी छपराविषयी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड पट्ट्यातील असंख्य घरांची कौले उडाली आणि त्यानंतर अनेकांनी सरळ पत्रे घातले. येथे मात्र वासे आणि रिपा बदलून पुन्हा मंगळुरी कौलेच चढवली आहेत, आणि हा निर्णय किती योग्य होता हे दुसऱ्या दिवशी कळले. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असताना आत्याने ध्वनिक्षेपकाशिवाय म्हटलेले अभंग शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होते. पत्र्याखाली ते शक्य झाले नसते. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर ही कौले साऱ्या किनाऱ्यावर पोहोचली. पडवीत रचून ठेवलेल्या जुन्या कौलांच्या पाठीवर मंगळूरचे नाव आजही स्पष्ट वाचता येते.

भिंती जांभ्याच्या आहेत. हा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, पण तो सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी पितो. ते पाणी पुन्हा बाहेर पडू देणारा चुन्याचा गिलावा पुढच्या दोन्ही वर्गांना केला आहे आणि तेथे ओलीचा वासही आला नाही. मागच्या वर्गाला मात्र ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा केला. आत कोंडलेल्या ओलीने त्याचे कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे निघत आहेत, आणि दुर्दैवाने गावाचे वाचनालय नेमके त्याच खोलीत आहे. पुस्तकांची कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवावी लागली आहेत. तो गिलावा काढून टाकण्यात समितीने आता दिरंगाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व संग्रहालय आहे. तसल्या मोठ्या वास्तूंना शासनाचा आधार मिळतो. गावच्या शाळेकडे गावानेच पाहावे लागते. येथे भिंतीतला फळा जपून ठेवला आहे, हे मला विशेष भावले. वडील याच वर्गात मुळाक्षरे शिकले होते. त्यांनी खडू मागून घेतला आणि फळ्यावर त्यांच्या गुरुजींचे नाव लिहिले. आम्ही ते दुसऱ्या दिवशीही पुसू दिले नाही.

उणिवा आहेत. प्रवेशाला चार पायऱ्या असून उतार नाही, त्यामुळे मोठ्या काकूंना खुर्चीसह उचलून आणावे लागले. स्त्रियांसाठी एकच स्वच्छतागृह आहे, तेही लहान मुलांच्या मापाचे. स्वयंपाकाची शेड वाऱ्याच्या तोंडावर असल्याने चुलीचा धूर सभागृहात येतो. गॅसची शेगडी सोबत न्यावी. दीडशे माणसे सहज बसतात, भाडे माफक आहे आणि किल्ली सांभाळणाऱ्या बचत गटाच्या महिला अत्यंत तत्पर आहेत.

मे महिन्याच्या अखेरीस शाकारणीसाठी सभागृह आठवडाभर बंद असते, तेव्हा कार्याची तारीख ठरवण्यापूर्वी त्यांच्याकडे चौकशी करावी.