पैसे व्यापाऱ्याने बुडवले, मुदत दलालाने: भलत्याच कोर्टात केस टाकून होणारी फसवणूक

केळीचा किंवा कापसाचा व्यापारी माल उचलतो आणि पैसे बुडवतो, ही खानदेशातली जुनी फसवणूक. तिच्याबद्दल लोक निदान सावध तरी असतात. दुसरी फसवणूक त्यानंतर होते, कोर्टाबाहेर, स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलाजवळ, आणि ती झाली हे कळायलाच वर्ष-दीड वर्ष जातं. "आबा, काळजी करू नका, मी टाकून देतो केस" म्हणणारा माणूस पैसे घेतो, कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतो आणि केस अशा कोर्टात टाकतो जिथे ती चालूच शकत नाही. कधी कधी टाकतही नाही. पाच-दहा हजार गेले तर ते पुन्हा कमावता येतात. पण कायद्याने दिलेली मुदत एकदा गेली की हातातला पक्का पुरावाही निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून पैसे देण्याआधी आपलं कोर्ट कोणतं हे स्वतःला माहीत हवं.

सगळ्यात जास्त घोळ चेकच्या केसेसमध्ये होतो. नेहमीचा प्रकार असा. रावेर तालुक्यातला शेतकरी, व्यापारी बऱ्हाणपूरचा, ४ लाख ८० हजारांचा अकाउंट पेयी चेक. शेतकऱ्याचं खातं रावेरच्या शाखेत, पण त्या दिवशी तो जळगावला होता म्हणून चेक त्याच बँकेच्या जळगाव शाखेत टाकला. चेक परत आला. आता तीन माणसं तीन सल्ले देतात. एक म्हणतो व्यापारी मध्य प्रदेशातला, केस बऱ्हाणपूरलाच. दुसरा म्हणतो चेक जळगावला टाकला, म्हणून जळगाव. तिसरा भुसावळला बसतो, त्याच्या ओळखीचा वकील तिथेच काम करतो, म्हणून तो म्हणतो भुसावळ.

तिघंही चुकीचे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १४२ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. चेक खात्यामार्फत वसुलीला दिला असेल, तर ज्या शाखेत चेक घेणाऱ्याचं खातं आहे त्या शाखेच्या हद्दीतलं कोर्ट. चेक त्या बँकेच्या दुसऱ्या कुठल्याही शाखेत टाकला तरी तो खात्याच्या शाखेतच दिला असं धरलं जातं, हे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. म्हणजे पासबुकाच्या पहिल्या पानावर जी शाखा छापली आहे ती बघायची. या उदाहरणात फिर्याद रावेरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. बऱ्हाणपूरला जायला लावणारा सल्ला २०१४ च्या निकालावर बेतलेला आहे. दशरथ रूपसिंग राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चेक देणाऱ्याच्या बँकेची जागा धरली होती, आणि पुढच्याच वर्षी संसदेने ते बदललं. जुना निकाल दाखवून प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे उकळणारे अजून आहेत.

याला एक अपवाद आहे. बेअरर चेक घेऊन थेट व्यापाऱ्याच्या बँकेच्या काउंटरवर वटवायला गेलात तर कोर्टही त्या शाखेच्या गावचं लागतं. म्हणून चेक घेताना त्यावर दोन तिरप्या रेघा आणि अकाउंट पेयी लिहून घ्या. व्यापारी कुरकुर करत असेल तर तेव्हाच ओळखा.

आता मुदत. बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, ५ जूनला हातात आला असं धरा. तिथून ३० दिवसांत, म्हणजे ५ जुलैपर्यंत, लेखी नोटीस रवाना झाली पाहिजे. नोटीस ८ जुलैला व्यापाऱ्याला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला २३ जुलैपर्यंत १५ दिवस. त्यानंतर फिर्यादीला एक महिना. २३ ऑगस्ट ही आपली शेवटची तारीख समजून चाला, तीही रविवारी येत असेल तर शुक्रवारीच काम उरका. दलाल नेमका इथेच वेळ काढतो. नोटीस "पाठवली" म्हणतो, पण स्पीड पोस्टची पावती दाखवत नाही. पावती आणि पोचेचा कागद दोन्ही मूळ स्वरूपात स्वतःकडे ठेवा, त्याला झेरॉक्स द्या. फिर्याद चुकीच्या कोर्टात गेली तर ते कोर्ट ती योग्य कोर्टात नेण्यासाठी परत करतं, आणि तोवर महिना उलटून गेलेला असतो. उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण पुरेसं कारण पटवून द्यावं लागतं. "मला दलालाने सांगितलं होतं" हे कारण पुरेलच याचा भरवसा नाही.

याच व्यवहारात पैशांच्या वसुलीचा दिवाणी दावाही करता येतो. त्याची मुदत साधारण ३ वर्षं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा दाव्याचं कारण पूर्ण वा अंशतः जिथे घडलं तिथे. माल रावेरच्या शेतातून उचलला, तोलला, सौदा तिथेच झाला, म्हणजे रावेर चालतं. पण इथे रक्कमही बघावी लागते. ५ लाखांपर्यंतचा दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे, त्यावरचा वरिष्ठ स्तराकडे. ४ लाख ८० हजारांत दावा टाकायच्या दिवसापर्यंतचं व्याज मिळवलं की आकडा सहज ५ लाखांवर जातो, आणि कनिष्ठ स्तराच्या कोर्टात टाकलेला दावा परत येतो. वरिष्ठ स्तराचं कोर्ट प्रत्येक तालुक्याला नसतं. त्यामुळे "आपल्या गावच्या कोर्टातच" हा आग्रह दरवेळी बरोबर नसतो. आधी व्याजासकट आकडेमोड करा.

सौदा पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात "वाद झाल्यास फक्त इंदूर न्यायालय" असं छापलेलं असतं. सही करण्याआधी ते वाचाच. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही त्याला दोन पक्षांच्या करारानेही अधिकार मिळत नाही, हे पक्कं. पण दोन-तीन कोर्टांना अधिकार असताना त्यातलं एकच निवडण्याचा करार मात्र बांधून ठेवतो. व्यापाऱ्याची पेढी इंदूरची असेल आणि त्या ओळीखाली तुमची सही असेल, तर दिवाणी दाव्यात ती ओळ तुम्हाला आडवी येईल. चेकच्या फिर्यादीला ती लागू होत नाही, कारण तिथलं ठिकाण कायद्यानेच ठरवलेलं आहे. ती ओळ पेनने खोडून त्याशेजारी दोघांच्या सह्या घेणं हा सोपा उपाय, आणि तो फक्त माल भरण्याआधीच जमतो.

जमिनीच्या बाबतीत फसवणूक वेगळ्या वाटेने येते. सुरतच्या उधना, लिंबायत भागात आपली खानदेशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. शिंदखेड्याच्या वडिलोपार्जित शेतात भाऊ हिस्सा देत नाही म्हणून तिथली बहीण कुणाकडे तरी जाते, आणि तो माणूस सुरतच्या कोर्टातून शेतावर स्टे आणून देतो म्हणत पैसे घेतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या वाटपाचा दावा मिळकत जिथे आहे त्या हद्दीतच लागतो. शेत शिंदखेडा तालुक्यात, म्हणजे कोर्ट इकडचं, बहीण कुठेही राहो. एक शेत शिंदखेड्याला आणि एक अमळनेरला असेल तर दोन्हींपैकी कुठल्याही एका ठिकाणी दोन्ही शेतांसाठी दावा चालतो. आणि अशा बहिणींकडून कोर्ट फीच्या नावाखाली जे हजारो रुपये घेतले जातात, ते ऐकून संताप येतो. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मिळकतीचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे.

नंदुरबारकडे जुन्या कागदांचा गैरफायदा घेतात. जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या खरेदीखतांवर "जिल्हा धुळे" असतं, त्याहून जुन्या कागदांवर "पश्चिम खानदेश". शहादा किंवा तळोद्याच्या माणसाला तो कागद दाखवून "केस धुळ्यालाच चालेल" सांगणारे भेटतात. कागद कधीचाही असो, दावा टाकायच्या दिवशी ती जमीन कोणत्या तालुक्यात, कोणत्या कोर्टाच्या हद्दीत आहे तेच बघायचं. आजचा सातबारा काढला की उत्तर मिळतं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीने बेकायदा घेतली असेल, तर ती परत मिळवण्याचा अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे जातो. दिवाणी कोर्टाला त्यात अधिकारच नाही, आणि तरी त्यासाठी दिवाणी दाव्याची फी घेतली जाते.

शेतरस्त्याचंही तसंच. शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरला किंवा पाटाचं पाणी अडवलं, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. बांधावरून नवा रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, तेही तहसीलदारांकडेच. दिवाणी कोर्टात मनाईचा दावा टाकून तारखा घेत बसलं की हे ६ महिने कधी गेले ते कळत नाही.

बियाणं उगवलं नाही, टिश्यू कल्चरची रोपं खराब निघाली, ठिबकचा संच निकामी ठरला, अशा वेळी "कंपनी हैदराबादची, तिकडे जावं लागेल" हे सरळ खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी आपण दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी शून्य, मुदत २ वर्षं. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं आहे. मुलगी सासरहून परत माहेरी आली असेल तर घटस्फोटाचा अर्ज ती आता राहते तिथे करू शकते. २००३ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्यात तशी सोय आहे. पोटगीचंही तेच.

केस खरंच दाखल झाली का, आणि कुठे, हे तपासायला कुणाच्या शब्दावर राहायची गरज नाही. नोटरीचा लाल शिक्का मारलेलं प्रतिज्ञापत्र म्हणजे दाखल झालेली केस नव्हे. पुष्कळांना तोच कागद पिशवीत घालून घरी पाठवलेलं असतं. दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्र असेल तर एमएच. पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक त्या जिल्ह्यातल्या कोर्टाचे, मग सहा अंक प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये तो टाकला की कोर्टाचं नाव, पक्षकार आणि पुढची तारीख दिसते. "नंबर अजून पडला नाही" हे उत्तर आठ-पंधरा दिवसांनंतरही मिळत असेल, तर कोर्टाच्या फाइलिंग विभागात स्वतः जाऊन आपल्या नावाने विचारा. वकीलपत्रावर वकिलाचं नाव, सही आणि सनद क्रमांक असतो. तो रकाना रिकामा असताना सही करू नका, आणि पैसे रोख देण्याऐवजी वकिलाच्या खात्यावर द्या.

कोर्ट कोणतं हे फुकट विचारायची जागा प्रत्येक जिल्ह्यात आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती, आणि फोन करायचा तर १५१००. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या माणसांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अक्कलकुवा, धडगावकडच्या कितीतरी लोकांना हा हक्क आहे आणि त्यांच्याकडूनच सर्वाधिक पैसे उकळले जातात, म्हणून हे तिकडे आवर्जून सांगा.

फसवणूक झालीच असेल तर आधी कागद हातात घ्या. दाखल प्रकरणाची प्रमाणित नक्कल कोर्टाच्या नक्कल विभागातून मिळते, त्यासाठी दलालाची परवानगी लागत नाही. प्रतिवादीने हद्दीचा आक्षेप घेतला असेल तर तो निकालात निघायची वाट बघू नका, वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ कागद, परत मागण्याचा अर्ज लगेच द्या. दिवाणी दाव्यात चुकीच्या कोर्टात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा होऊ शकतो, पण प्रामाणिकपणे आणि पुरेशी काळजी घेऊन तिथे गेलो होतो हे दाखवावं लागतं. चूक कळल्यावरही तिथेच तारखा घेत राहिलात तर तो आधार कमकुवत होतो. दावा नव्या कोर्टात पहिल्यापासून सुरू होतो, नोंदवलेली साक्षही पुन्हा होते. माणूस वकील असेल तर तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे. वकील नसेल तर पोलिसांकडे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीने वकील कायद्यात आलेल्या कलम ४५अ प्रमाणे जिल्हा न्यायाधीश दलालांची यादी करू शकतात, त्यांना लेखी कळवा. मात्र यापैकी कोणत्याही तक्रारीने मूळ केसची मुदत थांबत नाही. योग्य कोर्टातली फिर्याद, सोबत उशीर माफीचा अर्ज आणि त्याला जोडलेल्या पावत्या, हे काम त्याच आठवड्यात करा.