जुन्या ३२-बिट संगणकावर काय घालावं: अँटीएक्स, नेटबीएसडी की ओपनबीएसडी?

अँटीएक्स, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या फुकट मिळणाऱ्या, विंडोजच्या जागी घालता येणाऱ्या प्रणाली: पहिली लिनक्स, बाकी दोन बीएसडी घराण्यातल्या. गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या वाचनालयांत, मराठी शाळांत आणि देवस्थानांच्या कचेऱ्यांत चादरीखाली झाकून ठेवलेले जुने पीसी अजून सापडतात. त्यांचं काय करायचं ते ठरवण्याआधी यंत्र खरंच ३२-बिट आहे का ते बघा. ३२-बिट लाइव्ह पेनड्राइव्हवरून (अँटीएक्सचा चालेल) ते सुरू करा आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) ‘एलएससीपीयू’ (lscpu) चालवा. ‘ऑप-मोड’च्या ओळीत ६४-बिट दिसलं तर ही तुलना तुमच्या कामाची नाही. कोअर टू ड्युओ आणि निदान २ जीबी रॅम असली तर सरळ डेबियन १३ (लिनक्सचंच एक रूप) घाला. विंडोज १० ला मिळणारे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले म्हणून बाजूला पडलेली बहुतेक यंत्रं याच गटातली. खरा पेच सुरुवातीचे पेंटियम ४, पेंटियम एम आणि ॲटम एन२७० वाली छोटी नेटबुकं यांच्यापुरता आहे.

या यंत्रांसाठीचे पर्याय झपाट्याने आटताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) दोन्ही बंद केले. ब्राउझरसारखा अवाढव्य प्रोग्राम ३२-बिटवर बांधताना मेमरीची ४ जीबीची मर्यादा आड येते, आणि बिघाड शोधायला कुणीतरी जुनं यंत्र समोर घेऊन बसावं लागतं. असा वेळ देणारी माणसं कमी झाली की आधार संपतो. म्हणून निवड करताना दिसण्यापेक्षा मागे कोण आणि कशा पद्धतीने राबतंय याला जास्त वजन द्या.

अँटीएक्स २३ डेबियन १२ वर उभी आहे. सिस्टमडी (सेवा सुरू करणारा मोठा प्रोग्राम) नाही, डेस्कटॉप आइसडब्ल्यूएम या हलक्या प्रोग्रामचा, त्यामुळे ५१२ एमबी रॅमवरही माणूस कंटाळत नाही. डेबियनची बहुतेक सगळी पॅकेजं मिळतात: लिब्रेऑफिस, देवनागरी फॉन्ट, आयबस या टंकलेखनाच्या साधनातून इनस्क्रिप्ट कळफलक. मराठी टंकलेखन करणाऱ्याला हीच सगळ्यात सोपी. फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) ईएक्सटी४, म्हणजे जर्नल, बदलांची आगाऊ नोंद, असलेली. पावसाळ्यात दिवसातून दोनदा वीज गेली तरी यंत्र बहुधा पुन्हा नीट उठतं. पूर्ण आवृत्ती सीडीत मावत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू न होणारा जुना बायोस असेल तर ‘नेट’ किंवा ‘कोर’ ही छोटी रूपं सीडीवर लिहा.

तिची मुदत मात्र ठरलेली आहे. डेबियन १२ ला सुरक्षेचे अपडेट ३० जून २०२८ पर्यंत. ब्राउझर त्याहून आधी थांबतो: मोझिलाने ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स १४४ ही शेवटची आवृत्ती ठरवली, आणि ईएसआर १४० या जास्त काळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीला सप्टेंबर २०२६ पर्यंतचीच हमी दिली. त्यापुढे अशा यंत्रावर बँक किंवा सरकारी पोर्टल उघडू नये, हे आमचं ठाम मत.

नेटबीएसडीचं गणित वेगळं आहे, आणि मनापासून दाद द्यावी असं. १९९३ पासूनचा हा प्रकल्प ३२-बिट पीसीला आजही पहिल्या श्रेणीत ठेवतो. ४८६ पासून पुढचे बहुतेक प्रोसेसर चालतात. १०.० ही आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली. टिकण्याचं रहस्य त्यांच्या बांधणीच्या पद्धतीत आहे: ‘बिल्ड डॉट एसएच’ या एका स्क्रिप्टने वेगवान लिनक्स यंत्रावर बसून जुन्या यंत्रासाठीची अख्खी प्रणाली तयार होते, म्हणून मूळ प्रणाली बांधायला मोजक्या स्वयंसेवकांना जुनी यंत्रं रात्रंदिवस घरघरत ठेवावी लागत नाहीत. २०३८ मध्ये ३२-बिट घड्याळ उलटण्याचा प्रश्नही त्यांनी २०१२ च्या ६.० मध्येच मिटवला.

बदल्यात हात चालवावे लागतात. इन्स्टॉलर मजकुरी मेन्यूचा, वायफायची माहिती डब्ल्यूपीए-सप्लिकंट या प्रोग्रामच्या फाइलीत लिहून, पॅकेजं पीकेजीइन या आज्ञेने. लिब्रेऑफिससारखं मोठं काही तयार मिळेलच असं धरू नका, यादी आधी बघा. मराठीसाठी नोटो फॉन्ट आणि एक्स या चित्रपडद्याच्या प्रणालीतला मराठी कागप (उच्चारानुसार टंकायचा कळफलक) पुरतो. आणि एफएसटॅब या डिस्कच्या यादीच्या फाइलीत रूट (मुख्य) विभाजनापुढे ‘लॉग’ (log) हा जर्नल चालू करणारा पर्याय आहे ना ते तपासाच. तो नसला तर वीज गेल्यावर एफएससीके ही डिस्कची तपासणी जुन्या आयडीई डिस्कवर बराच वेळ खातं, आणि वाचनालय उघडायच्या वेळी पडदा अडकलेला दिसतो.

ओपनबीएसडीची शिस्त वाखाणण्यासारखी: दर सहा महिन्यांनी आवृत्ती, दुरुस्त्यांसाठी सिसपॅच आणि नव्या आवृत्तीसाठी सिसअपग्रेड ३२-बिटवरही एका ओळीत. पण फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना आधार मिळतो, त्यामुळे वर्षभर हात लावला नाही तर मागे पडता. फाइल सिस्टमला जर्नल नाही. प्रत्येक बूटला कर्नल नव्याने जोडला जातो, जुनी डिस्क तेवढा वेळ कुरकुरत राहते. यूपीएसवरच्या फायरवॉलसाठी (नेटवर्कच्या पहारेकरी यंत्रासाठी) घ्या, टेबलावरच्या वापरासाठी नको.

प्रणाली कुठलीही घाला, गोव्याची दमट, खारी हवा आधी हार्डवेअर खाते. रॅम काढून तिचे पिवळे संपर्क पांढऱ्या खोडरबराने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालू ठेवा. प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर १०५ अंशांचे, लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेले, फायरफॉक्सच्या ईएसआरशी संबंध नाही), तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे बसवून घ्या. नाहीतर यंत्र अधूनमधून गोठेल आणि दोष उगाच प्रणालीवर जाईल. मदरबोर्डवरचा घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल बदला. तो मेलेला असला की घड्याळ मागे जातं, प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि अपडेटच अडतात.

आता निवड. मराठी टायपिंग आणि कागदपत्रं असतील तर अँटीएक्स, २०२८ पर्यंतच हे मनाशी धरून. पुस्तकांची यादी, फाइल साठवण, किंवा पॅरलल पोर्टवरच्या डॉट-मॅट्रिक्सवर पावत्या असलं ब्राउझर नसलेलं काम वर्षानुवर्षं चालवायचं तर नेटबीएसडी. देवनागरी पावती डॉट-मॅट्रिक्सवर चित्र म्हणून छापावी लागते आणि हळू निघते, तेव्हा मजकूर छोटा ठेवा. प्रेस्कॉट पिढीच्या पेंटियम ४ चा प्रोसेसर एकटाच ८४ वॅट किंवा त्याहून जास्त उष्णता काढतो, एन२७० जेमतेम २.५. दिवसभर चालू ठेवायचं यंत्र असेल तर नेटबुक निवडा आणि पेंटियम ४ फक्त पोर्टाच्या गरजेपुरता ठेवा.

नेटबीएसडी किंवा ओपनबीएसडी घातल्यावर ‘डीमेसेज’चा (dmesg, सुरू होताना सापडलेल्या हार्डवेअरची नोंद) मजकूर जपून ठेवा आणि प्रकल्पाकडे पाठवा. कोणतं जुनं हार्डवेअर अजून वापरात आहे हे स्वयंसेवकांना यातून कळतं. एखादा ड्रायव्हर काढायचा की ठेवायचा, ही चर्चा निघाली की तो उपयोगी पडतो.