नाव ऑक्सफर्डचं, पावती भलत्याचीच

४,८६० पौंड. त्यातले ३५० जागा राखायला, उरलेले ४,५१० दहा दिवसांत, नाहीतर जागा दुसऱ्याला. लेकीच्या दोन आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमासाठी मी हे भरले. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा कळलं, ऑक्सफर्ड विद्यापीठाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

घाई करायला लावायची ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. पण फोटोतली कॉलेजं खरी होती, मुलं राहिलीही तिथेच. सुट्टीत तिथली कॉलेजं खोल्या बाहेरच्यांना भाड्याने देतात, हे मला कोण सांगणार? ऑक्सफर्ड हे शहराचंही नाव आहे. ऑक्सफर्ड ब्रुक्स हे १९९२ पासूनचं रीतसर विद्यापीठ, पण तेसुद्धा वेगळंच.

एक क्षण मात्र मला झोपू देत नाही. व्हिडिओ कॉलवर कोर्स विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला मी सरळ विचारलं होतं, "सर्टिफिकेट विद्यापीठच देणार ना?" तो म्हणाला, "मॅडम, सगळे वर्ग ऑक्सफर्डच्या कॉलेजातच होतात." मी ते 'हो' धरलं. त्याने हो म्हटलंच नव्हतं! हा प्रश्न लेखी विचारा आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर मागा.

लेटरहेडवर उघडं पुस्तक होतं, पण विद्यापीठाच्या चिन्हातले तीन मुकुट नव्हते. तिथे मनोरा होता. ईमेलच्या पत्त्यात शेवटी 'ओएक्स डॉट एसी डॉट यूके' नव्हतं. पैसे भरण्याआधी हे बघा.

पैसे परत मिळावेत म्हणून बँकेला चार मेल केले. सतरा दिवसांनी उत्तर आलं: सेवा मिळाली आहे, अटींच्या शेवटी 'विद्यापीठाशी संलग्न नाही' असं लिहिलं आहे, तक्रार बंद. म्हणजे तळाशी बारीक अक्षरांत खरं लिहिलं की वर हवं ते छापायला मोकळे? पोलीस म्हणाले, "कोर्स झाला ना? मग फसवणूक कसली? कंपनी तिकडची, तिकडेच तक्रार करा." तिकडच्या ग्राहक संस्थेने कळवलं, एकेकाची तक्रार आम्ही सोडवत नाही. कॉलेज म्हणालं, आम्ही फक्त खोल्या दिल्या. पैसे मात्र माझ्याच खात्यातून गेले ना! विद्यापीठालाच आधी एक मेल टाकला असता तर वाचले असते. तुम्ही टाका.

लेकीने प्रवेशअर्जात 'ऑक्सफर्ड विद्यापीठात शिक्षण' असं लिहिलं होतं. ते मी तिला खोडायला लावलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.