थाई फिश सॉस: वासाला घाबरू नका, बाटली मात्र बघून घ्या

ज्या घरात जवळा भाजला जातो, सोड्याची खिचडी होते, तिथे फिश सॉसला घाबरायचं खरंच काही कारण नाही. तरी पुण्यात माझ्या ओळखीतले कितीतरी जण थाई करीत मीठ नाहीतर सोया सॉस घालून भागवतात आणि मग म्हणतात हॉटेलसारखी चव येत नाही. कशी येणार, मुख्य गोष्टच गाळली ना!

मी सध्या स्क्विड ब्रँडचा वापरतेय, कॅम्पात दोराबजीमध्ये मिळाला. लेबलवर तीनच गोष्टी, अँकोव्ही, मीठ आणि साखर. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातला बारका मासा, तो भरपूर मिठात कित्येक महिने मुरवत ठेवतात आणि त्याचं जे पाणी सुटतं ते गाळून हा सॉस होतो. मुरताना माशातलं प्रोटीन तुटून ग्लुटामेट मोकळं होतं, म्हणून चमचाभर घातला तरी रस्सा एकदम भरीव लागतो, आणि मासा घातलाय असं खाणाऱ्याला वाटतसुद्धा नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या स्वस्त बाटलीवर रंग, फ्लेवर, काय काय लिहिलेलं आणि चव नुसती खारट, ती घेऊ नका. व्हिएतनामचा सॉस मिळाला तर 30 किंवा 40 असा पुढे एन लिहिलेला आकडा शोधा, लिटरमागे किती ग्रॅम नायट्रोजन ते त्यावरून कळतं, जितका जास्त तितका सॉस कसदार. 40 वाला करीत उकळून वाया घालवू नका, लिंबू-मिरची घालून वरून घ्यायला ठेवा.

आता वास. बाटली उघडली की येतो, चांगला उग्र येतो. पण नारळाच्या दुधात घालून एक उकळी आली की गेला. फक्त तापलेल्या कोरड्या कढईत थेट ओतायचा नाही, मग तो जिन्यापर्यंत जातो आणि पडद्यांत बसतो. आधी रस्सा, मग सॉस, खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू, एवढं पुरतं.

पहिल्यांदाच आणला असेल तर करीच्या भानगडीत न पडता थाई ऑम्लेट करा, खाय जियाव म्हणतात त्याला. दोन अंडी, छोटा चमचा फिश सॉस, मीठ अजिबात नाही, दोन थेंब लिंबू, फेस येईपर्यंत फेटायचं. कढईत नेहमीपेक्षा बरंच जास्त तेल, चांगलं कडकडीत तापलेलं, आणि अंडं जरा उंचावरून ओतायचं. पडल्या पडल्या चारी बाजूंनी फुगून वर येतं, कडा जाळीदार कुरकुरीत होतात, आत मऊच राहतं. गरम इंद्रायणी भातावर हे ठेवायचं आणि वर फिश सॉसमध्ये भिजलेल्या हिरव्या मिरच्यांच्या चकत्या, लसूण, लिंबू. आमच्याकडे मुलांनी भात परत मागून घेतला.

खारटपणा जबरदस्त आहे, त्यामुळे बीपीवाल्यांनी जपून, आणि पदार्थात वेगळं मीठ टाकायचं असेल तर शेवटी चव बघूनच. बाहेर ठेवला तर लगेच खराब होत नाही पण रंग काळपट होत जातो, म्हणून मी फ्रिजच्या दारात ठेवते, झाकण पुसून घट्ट लावून. रोज लागणारी गोष्ट नाही, लहान बाटलीच घ्या.